रेघ, भिंग आणि शाई

एखाद्या चित्रकाराने चित्र काढणे सोडून द्यावे, ही काही फार नवलाची गोष्ट नव्हे. पोटापाण्याच्या मागे लागून, कंटाळून, किंवा आपल्यात आता सांगण्यासारखे काही उरले नाही हे उमजून अनेकांनी कुंचला खाली ठेवला आहे. परंतु चित्रकला ही कलाच आता संपली असे जाहीर करणारा, आणि त्याचा पुरावा म्हणून तीन कॅनव्हास रंगवून मगच तिची रजा घेणारा चित्रकार विरळा. अलेक्सांद्र रोदचेंको या रशियन कलावंताने १९२१ च्या सप्टेंबरात मॉस्कोत हे केले. '५ × ५ = २५' असे पाढ्यासारखे नाव असलेल्या त्या प्रदर्शनात पाच कलावंतांच्या प्रत्येकी पाच कृती मांडायच्या होत्या. रोदचेंकोच्या पाचांत तीन फलक होते. एक नुसता तांबडा, एक नुसता पिवळा, एक नुसता निळा. त्यांत आकृती नाही, रेषा नाही, जवळ-लांब नाही. मूळ रंग तीन, ते हे. आता यापुढे दाखवण्याजोगे काही नाही, असा त्या मांडणीचा अर्थ होता.

त्या वेळी तो पुरता तीस वर्षांचाही नव्हता. पुढे तो पस्तीस वर्षे जगला. या काळात तो पुस्तके सजवणारा झाला, छायाचित्रकार झाला, आणि अखेरीस, फारसा गाजावाजा न करता, पुन्हा चित्रकार झाला. या प्रवासाकडे पाहण्याची एक रूढ रीत आहे. बहुमुखी प्रतिभेच्या एका कलावंताने अनेक माध्यमे लीलया हाताळली, असे म्हणायचे आणि प्रत्येक माध्यमातल्या चारदोन कृतींची नावे घ्यायची. मला ही रीत अपुरी वाटते. माध्यम बदलणे म्हणजे एका खोलीतून उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसणे नव्हे. प्रत्येक माध्यम कलावंताला काही देते आणि त्याबरोबर काही अटी घालते. त्या अटी मोडल्या, तर ते कधी ना कधी हिशेब मागते. रोदचेंकोकडे हा हिशेब कसा मागितला गेला, एवढेच या लेखात पाहावयाचे आहे.

१

रोदचेंको १८९१ साली सेंट पीटर्सबर्गला जन्मला. वडील नाटकमंडळीचे रंगसाहित्य सांभाळीत. आई धुणी धुवी. पुठ्ठ्याची तलवार पहिल्या रांगेतून खरी कशी दिसते, हे ज्याला खेळण्याच्या वयात ठाऊक झाले असेल अशा घरातला हा मुलगा. पुढे कुटुंब कझानला गेले. तिथल्या चित्रशाळेत तो शिकला, आणि तिथेच त्याला वार्वारा स्तेपानोवा भेटली. ती स्वतः मोठी कलावंत. दोघांची सोबत जन्मभराची ठरली. त्याच्या पुढच्या कितीतरी कामांत तिचा हात त्याच्या हाताइतकाच आहे.

मॉस्कोला आल्यावर १९१६ साली तातलिनने भरवलेल्या एका प्रदर्शनात त्याने काही रेखाटने ठेवली. ती पट्टी आणि कंपास यांच्या साहाय्याने काढलेली होती. त्याच्या पुढल्या वाटचालीचे बीज मला इथे दिसते. चित्रात आपण ज्याला चित्रकाराचा हात म्हणतो, म्हणजे मनगटाची ती लकब, रेघेचे ते किंचित थरथरणे, तेच त्याला नको होते. हात म्हणजे व्यक्ती, व्यक्ती म्हणजे तिचे लहानमोठे अहंकार, तिची हळवी मनःस्थिती. या सगळ्याला चित्रातून बाहेर काढले म्हणजे जे शिल्लक राहील ते सर्वांचे असेल, अशी त्याची श्रद्धा असावी. १९१७ च्या क्रांतीने या श्रद्धेला सामाजिक अर्थ दिला.

१९१८ साली त्याने काळ्यावर काळ्या रंगाची चित्रे केली. पुढल्याच वर्षी ती मालेव्हिचच्या पांढऱ्यावर पांढऱ्या चित्रांच्या शेजारी प्रदर्शनात लागली. दोहोंतला फरक मोठा बोलका आहे. मालेव्हिचच्या पांढऱ्यात अनंताची ओढ आहे. ते चित्र पाहताना आपण पृथ्वीवरून सुटल्यासारखे होतो. रोदचेंकोच्या काळ्यात कसलेच गूढ नाही. एक काळा चकचकीत, दुसरा मंद. एक गुळगुळीत, दुसरा खरखरीत. पाहायचे ते पृष्ठभागाकडे, पलीकडे नव्हे. मग १९२१ चे ते तीन फलक आले, आणि हाताची हद्दपारी पुरी झाली. याला कोणी संन्यास म्हणेल. पण संन्यासी वनात जातो. हा मनुष्य कारखान्याकडे निघाला होता. मॉस्कोच्या 'व्खुतेमास' या कला-तंत्रशाळेत धातुकामाच्या विभागात तो शिकवू लागला. घडी होणाऱ्या खुर्च्या, एकाच वेळी दोन कामांना येणारी मेजे असल्या वस्तूंचे नकाशे विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ लागला.

२

चित्र सोडलेल्या या माणसाला पुस्तकाने आपल्याकडे ओढले. १९२३ साली मायकोव्हस्कीची प्रेमावरची दीर्घ कविता 'प्रो एतो' पुस्तकरूपाने निघाली. लिल्या ब्रीकपासून दोन महिने दूर राहण्याचे ठरवून कवीने ती लिहिली होती. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर त्याच लिल्याचा चेहरा आहे. तिचे डोळे विस्फारलेले आहेत आणि ते थेट आपल्याकडे पाहतात. आतल्या पानांवर तारांनी जोडलेले टेलिफोन आहेत, जनावरे आहेत, घंटाघराच्या टोकावर उभा असलेला इवलासा मायकोव्हस्की आहे. यातले एकही चित्र रोदचेंकोने हाताने काढलेले नाही. दुसऱ्यांनी घेतलेली छायाचित्रे आणि मासिकांतली कात्रणे जोडून त्याने ती पाने सिद्ध केली. कुंचल्याच्या जागी कात्री आली.

पुस्तकाची सजावट म्हटली की कवितेत जे आहे तेच चित्रात पुन्हा दाखवायचे, अशी आपली समजूत असते. इथे तसे नाही. कविता जशी एका प्रतिमेवरून दुसरीवर उडी घेते, तशीच ही पाने घेतात. दोघांच्या उड्या मात्र नेहमी एकाच ठिकाणी पडत नाहीत. पान आणि ओळ यांत एक ताण राहतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे या जोडकामातला सांधा लपवलेला नाही. लिल्याचा चेहरा कुठे कापला, टेलिफोन कुठे चिकटवला, हे वाचकाला सरळ दिसते. हे घडवलेले आहे, जसेच्या तसे टिपलेले नव्हे, असे ते पान स्वतःच सांगते. जोडचित्राचा हा प्रामाणिकपणा मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. पुढे त्याची गरज पडणार आहे.

या काळात त्याने 'लेफ' या नियतकालिकाची मुखपृष्ठे केली, मायकोव्हस्कीच्या आणखी पुस्तकांची वेष्टने केली, सरकारी दुकानांच्या जाहिराती केल्या. त्यांची चर्चा मी करीत नाही. ठळक अक्षरे, जाड पट्ट्या, तांबडा आणि काळा, ही त्यांची भाषा आज जगभर इतकी वापरून झाली आहे की मूळ पाहतानाही नकलेचा भास होतो.

३

दुसऱ्यांची छायाचित्रे किती दिवस कापायची? १९२४ साली रोदचेंकोने स्वतः कॅमेरा हाती घेतला. त्या वर्षीचे त्याच्या आईचे छायाचित्र मला त्याच्या साऱ्या कामात सर्वांत जवळचे वाटते. डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधलेली म्हातारी. चष्मा कानावर चढवलेला नाही. मिटलेल्या चष्म्याची एकच काच तिने बोटांत धरून डोळ्यापुढे आणली आहे. मूळ छायाचित्रात तिच्यापुढचे मासिकही दिसते. रोदचेंकोने ते कापून टाकले आणि फक्त चेहरा, हात, काच एवढेच ठेवले. श्रमांनी जाड झालेली ती बोटे त्या नाजूक काचेला किती जपून धरतात! चित्रातून हात घालवणाऱ्या माणसाने कॅमेरा हाती धरला, आणि त्या कॅमेऱ्याने पहिल्याच वर्षी त्याला आईचा हात दाखवला.

मग त्याची कीर्ती झाली ती तिरक्या कोनांमुळे. मॉस्कोच्या म्यास्नित्स्काया रस्त्यावरच्या इमारतीचे सज्जे त्याने १९२५ साली खाली उभे राहून, मान पार मागे टाकून टिपले. जिने, शिड्या, माणसांच्या रांगा त्याने वरून घेतल्या. यामागे त्याचे म्हणणे असे होते की शेकडो वर्षांच्या चित्रांनी आपल्या डोळ्यांना एकच सवय लावली आहे. आणि छायाचित्रकारही पोटाशी कॅमेरा धरून, बेंबीच्या उंचीवरून, तेच जुने चित्र पुन्हा काढतात. नवे शहर पाहायचे तर वरून खाली आणि खालून वर पाहायला शिकले पाहिजे.

१९२८ साली त्याने लिहिलेल्या एका निबंधातला विचार मात्र मला त्याच्या कोनांहून मोलाचा वाटतो. रंगवलेले व्यक्तिचित्र आणि झटपट टिपलेले छायाचित्र यांची त्यात तुलना आहे. चित्रकार एका माणसाचे सार काढतो आणि ते एका चौकटीत कायमचे बसवतो. पण माणूस म्हणजे एखादी बेरीज नव्हे. तो वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा असतो. कधी कधी स्वतःच्या उलटही असतो. तेव्हा त्याची निरनिराळ्या वेळची छायाचित्रे एकत्र ठेवा, तोच खरा माणूस. उदाहरण त्याने लेनिनचे दिले होते. लेनिनच्या छायाचित्रांचा गठ्ठा शिल्लक आहे, म्हणून आता कोणालाही खोटा, सजवलेला, देव बनवलेला लेनिन आपल्या गळ्यात मारता येणार नाही, असा त्याचा विश्वास होता.

छायाचित्र हा सत्याचा जामीन आहे, अशी ही श्रद्धा. तिच्यावर त्याने स्वतःची सही केली होती.

४

ज्या वर्षी हा निबंध निघाला, त्याच वर्षी 'सोव्येत्स्कोये फोतो' या मासिकात एक निनावी पत्र छापून आले. रोदचेंकोची आणि परदेशी छायाचित्रकारांची छायाचित्रे शेजारी शेजारी लावून, हा पाश्चात्त्यांची उचलेगिरी करतो, असा आरोप त्यात होता. त्याने जोरदार उत्तर दिले. पण वारा फिरला होता. १९३० मध्ये मायकोव्हस्कीने स्वतःवर गोळी झाडून घेतली. त्याच साली रोदचेंकोने बालवीरांची जी छायाचित्रे घेतली, त्यांवर टीका झाली. खालून घेतल्यामुळे त्या मुलांचे चेहरे कसेसेच दिसतात, आणि हा पोरगा वर का पाहतो, त्याने पुढे पाहिले पाहिजे, असे टीकाकारांचे म्हणणे. 'रूपवादी' ही त्या काळातली शिवी त्याला चिकटली. आपण ज्या छायाचित्रकारांच्या गटात होता, त्यातूनही तो बाहेर पडला. म्हणजे त्याला बाहेर काढण्यात आले.

अशा अवस्थेत १९३३ साली तो श्वेतसमुद्र–बाल्टिक कालव्यावर गेला. २२७ किलोमीटरांचा हा कालवा कैद्यांकडून, बव्हंशी कुदळी, पहारी आणि हातगाड्या यांच्या बळावर, दोन वर्षांच्या आत खणून घेण्यात आला. एका वेळी एक लाखाहून अधिक कैदी तिथे राबत होते, हजारो मेले. रोदचेंकोने तिथे दोन हजारांहून अधिक छायाचित्रे घेतली. 'उभारणीतला सोव्हिएत संघ' अशा अर्थाचे नाव असलेले एक मोठ्या आकाराचे सचित्र मासिक परदेशी भाषांतही निघत असे. त्याचा १९३३ चा डिसेंबरचा अंक त्याने याच कालव्यावर सिद्ध केला. एका छायाचित्रात बँड वाजतो आहे आणि कैदी कामाला जुंपलेले आहेत. अंकाचा सांगावा असा की इथे गुन्हेगारांची माणसे होत आहेत. मेलेल्यांना त्यात जागा नाही.

या मासिकाच्या कुळातले एक पुढचे नियतकालिक आपल्याकडेही येत असे. 'सोव्हिएत देश' मराठीत निघे, त्याचा कागद गुळगुळीत असे, आणि त्यातले हसरे मजूर कित्येक मराठी मुलांच्या वह्यांची कव्हरे होऊन शाळेत जात. पाहणाऱ्याला ती चित्रे खोटी वाटत नसत. ती छायाचित्रे होती ना!

कालव्याच्या त्या अंकापुढे आपली कलाविषयक मापे अडखळतात, हे कबूल केले पाहिजे. 'कलेसाठी कला' की 'जीवनासाठी कला', हा वाद फडके-खांडेकरांच्या काळात आपल्याकडे मनसोक्त खेळला गेला. जीवनवाद्याने या अंकात काय उणे काढावे? कला इथे समाजाच्या कामाला पुरती लागली आहे. इतकी की तिच्यातून व्यक्ती नाहीशी झाली आहे. उलट मर्ढेकरांनी सांगितलेली संवाद, विरोध आणि समतोल ही लयतत्त्वे घेऊन तपासू गेलो, तर ती पाने त्या परीक्षेतही उतरतात. उभ्या खडकांना आडव्या पाण्याचा विरोध आहे, माणसांच्या रांगांना लाकडी फळ्यांचा संवाद आहे. रूप निर्दोष, हेतू 'सामाजिक', आणि तरीही ते पान पाहताना मान खाली जाते.

उणीव कोठे आहे? माझ्या मते ती माध्यमाच्या अटीत आहे. रंगवलेला कालवा खोटा असला तर ते चित्रकाराचे स्वप्न म्हणून खपून जाते. छायाचित्र मात्र 'हे असे होते' अशी साक्ष देते, आणि ती साक्ष त्याच्या रूपापासून वेगळी काढता येत नाही. रोदचेंकोच्या तिरक्या कोनांचे कोणी कितीही कौतुक करो, त्या कोनाची किंमत ही अखेर तिथून काय दिसते यावर ठरते. म्यास्नित्स्कायावर तो मान वर करून पाहत होता तेव्हा त्याला एक न पाहिलेली इमारत दिसली. कालव्यावर त्याच कोनाने न दिसण्याची सोय केली. आणि 'प्रो एतो'मधला तो उघडा सांधा? इथे जोडकाम आहेच. पण आता ते स्वतःला जोडकाम म्हणवून घेत नाही, वस्तुस्थिती म्हणवते.

रोदचेंको लबाड होता असे मला म्हणावयाचे नाही. १९३६ साली त्याने लिहिले की आपण खचलेल्या मनाने कालव्यावर गेलो आणि तिथे आपल्याला नवी उमेद मिळाली. हे भीतीने लिहिले की मनापासून, हे ठरवायला आपल्यापाशी साधन नाही. कदाचित त्यालाही ठरवता आले नसते. निवांत खोलीत बसून त्याला दोषी ठरवणे सोपे आहे. पण माणसाला समजून घेणे आणि कृतीला माफ करणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि समीक्षेला दुसरी करता येत नाही.

५

हिशेब मागितला गेला तो एका पुस्तकाच्या रूपाने. १९३४ साली रोदचेंको आणि स्तेपानोवा यांनी 'उझबेकिस्तानची दहा वर्षे' हा दिमाखदार ग्रंथ सजवला. त्यात प्रजासत्ताकाच्या पुढाऱ्यांची पानपानभर छायाचित्रे होती. तीन वर्षांत स्तालिनने त्या पुढाऱ्यांपैकी बहुतेकांचा काटा काढायला सुरुवात केली. फैझुल्ला खोजायेव्ह आणि अकमाल इक्रामोव्ह यांना १९३८ साली गोळ्या घालण्यात आल्या. जे 'जनतेचे शत्रू' ठरले, त्यांचे चित्र घरात असणे हाच धोका. अशा वेळी अनेकांनी पुस्तके जाळली, पाने फाडली. रोदचेंकोने शाई घेतली, आणि स्वतःच्या प्रतीतले ते चेहरे एकेक करून काळे केले.

१९८४ साली डेव्हिड किंग या ब्रिटिश संग्राहकाला मॉस्कोत ही प्रत पाहायला मिळाली, आणि पुढे त्याने त्यातली पाने प्रसिद्ध केली. ती पाहताना प्रथम भय वाटते. कोट तसाच आहे, छातीवरची पदके तशीच आहेत, खाली नाव आहे. आणि मानेवर एक काळा गोळा. काही ठिकाणी शाई चेहऱ्याच्या कडेने जपून फिरवलेली दिसते, काही ठिकाणी ती ओघळून कॉलरवर गेलेली आहे. या डागांना 'कलाकृती' म्हणण्याचा मोह अनेकांना झाला आहे. तो मी टाळतो. मेलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर भीतीने फासलेली शाई ही कला नव्हे, निषेध तर नव्हेच.

पण ती साक्ष मात्र आहे. काळ्यावर काळा रंगवणाऱ्या माणसाच्या हातून पुन्हा काळा रंग पडला, आणि या काळ्याच्या पलीकडे आता माणूस होता. छायाचित्रांचा गठ्ठा असला की खोटे चालणार नाही, असे नऊ वर्षांपूर्वी म्हणणाऱ्याने आपल्याच गठ्ठ्याला शाई फासली. कालव्याच्या अंकातून मेलेले लोक असे नाहीसे केले होते की काही नाहीसे केले आहे हेच कळू नये. या प्रतीत ते लपत नाही. सांधा पुन्हा उघडा पडला आहे. ज्याच्यावर त्याने आपले नाव कधीच घातले नसते, असे हे त्याचे सर्वांत खरे पुस्तक ठरले; आणि ते खरे झाले ते त्याच्या इच्छेविरुद्ध. ज्या हाताला त्याने तरुणपणी पट्टी-कंपास देऊन बाहेर काढले होते, त्या हाताचा कंप त्या शाईच्या कडांना आहे.

६

याच वर्षांत तो पुन्हा चित्रे काढू लागला होता. १९३५ च्या सुमारास सुरुवात झाली. विषय सर्कशीचे: विदूषक, कसरतपटू. ही चित्रे विकण्यासाठी नव्हती, दाखवण्यासाठीही नव्हती. त्यांत जुन्या रोदचेंकोचा काटेकोरपणा नाही. रंग मऊ आहेत, आकार किंचित सैल आहेत, आणि विदूषकांच्या चेहऱ्यांवर एक एकटेपण आहे. चेहरा रंगवून माणूस लपवणे हाच ज्याचा धंदा, त्या विदूषकाकडे त्याने या काळात वळावे, याला योगायोग म्हणवत नाही. नाटकाच्या रंगसाहित्यात वाढलेला मुलगा पुन्हा तंबूत येऊन बसला होता. फरक इतकाच की या खोटेपणाला तंबूत कोणी खरे मानत नाही, म्हणून तो निरुपद्रवी असतो.

युद्धाच्या काळात, १९४३-४४ च्या सुमारास, त्याने कागदावर रंगांचे ओघळ आणि वेटोळी सोडून काही अमूर्त चित्रे केली. पोलॉकच्या प्रसिद्ध ठिबक-चित्रांच्या आधीची ती आहेत, असे अलीकडे मोठ्या हौसेने दाखवले जाते. आधी कोणी केले, हा प्रश्न मला गौण वाटतो. महत्त्वाचे हे की पट्टी आणि कंपास कुठेच नाहीत; रेघ जिथे जाईल तिथे तिला जाऊ दिले आहे. ही चित्रे 'चित्रकलेचा शेवट' करणाऱ्याने केली आहेत हे आठवले, म्हणजे १९२१ च्या त्या तीन फलकांची आपल्याला थोडी दया येते.

पोटासाठी तो आणि स्तेपानोवा सरकारी ग्रंथांची सजावट करीतच होते. १९५१ साली त्याला कलावंतांच्या संघातून काढून टाकण्यात आले. १९५४ साली परत घेण्यात आले. ३ डिसेंबर १९५६ रोजी तो वारला. दीड वर्षाच्या आत स्तेपानोवाही गेली. १९९८ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्याचे मोठे प्रदर्शन भरले, आणि मग जगाने त्याला थोरांच्या रांगेत बसवले. त्या रांगेत तो शोभतो. पण त्याचा पुतळा करताना त्यानेच सांगितलेली गोष्ट विसरू नये. माणूस ही बेरीज नव्हे. तीन रंगांचे फलक, आईच्या बोटांतली काच, कालव्यावरचा बँड, शाईखालचा चेहरा, आणि रात्रीच्या दिव्यात रंगवलेला असेल तो विदूषक, ही सगळी पाने एकाच गठ्ठ्यात राहू द्यावीत. त्यातले एकही काढून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही, मग ते त्याच्या कौतुकापोटी का असेना.